समरकंद-बुखाऱ्याची ग्रुप सहल: कोल्हापूरकरांनी कागदपत्रं कशी जमवावीत

प्राचीन रेशीम मार्गावर ग्रुपनं जायचं तर उझबेकिस्तान सगळ्यात सोयीचा. ताश्कंद, समरकंद, बुखारा आणि खिवा ही शहरं रेल्वेनं जोडलेली आहेत आणि भारतीयांना तिथला ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. ग्रुप भिशीचा असो, तालमीचा असो की निवृत्त शिक्षकांचा, एक गोष्ट पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा. हॉटेल आणि गाडी ग्रुपची असली तरी कागद ज्याचे त्याचे असतात. एकाचा अडकला की अख्खा ग्रुप थांबतो.

माझं सुचवणं असं की पहिली बैठक टाऊन हॉलच्या बागेत घ्यावी. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या सागरदेवाची कांस्यमूर्ती तिथल्या संग्रहालयात आहे. रोमन जगातली ही मूर्ती सातवाहनांच्या काळात पंचगंगेकाठी पोचली होती. व्यापारी वाटांचं वेड लागायला आणखी काय हवं? येताना प्रत्येकानं आधार, पॅन आणि असेल तर पासपोर्ट घेऊन यावं.

पासपोर्ट

कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतो, पण त्यासाठी पुणं गाठावं लागत नाही. पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र कोल्हापुरातच आहे. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फी ऑनलाइन भरून वेळ घ्यायची आणि मूळ कागद घेऊन जायचं. प्रौढांच्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये, तत्काळसाठी वर 2000. अठरा वर्षांखालच्यांना 1000 रुपये. साठीच्या पुढचे आणि आठ वर्षांपर्यंतची मुलं यांना नव्या साध्या अर्जावर 10 टक्के सवलत मिळते.

पत्ता आणि जन्मतारीख या दोन पुराव्यांवर बहुतेकांचं काम होतं. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी मात्र फक्त जन्माचा दाखलाच चालतो. मुलांच्या अर्जासोबत आईवडिलांचं संमतीचं परिशिष्ट, म्हणजे ठरावीक नमुन्यातलं संमतीपत्र, लागतं. सरकारी नोकरांनी कार्यालयाला पूर्वसूचना पत्र देऊन त्याची प्रत जोडावी. पासपोर्ट हातात आला म्हणजे परदेशी जायची परवानगी मिळाली असं नाही, ती खात्याकडून वेगळी घ्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ही फाईल सगळ्यात आधी हलवावी.

आपल्याकडे खरा घोळ असतो तो नावात. आधारवर ‘बाबासो’, पॅनवर ‘बाबासाहेब’, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. एका कागदावर ‘सुनिता’, दुसऱ्यावर ‘सुनीता’, इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी आधार दुरुस्त करून घ्या. पासपोर्टला लग्नाचा दाखला सक्तीचा नाही. पण माहेरचं आडनाव बदलून सासरचं लावायचं असेल तर त्याचा पुरावा द्यावा लागतो. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालू असेल तर सहलीसाठी तो बदलायची काहीच गरज नाही. तिकीट आणि व्हिसा त्याच नावानं काढा.

पासपोर्ट आधीपासून असेल तर मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक असावेत, म्हणजे कुठल्याच काउंटरवर वाद होत नाही.

ई-व्हिसा

अर्ज उझबेकिस्तान सरकारच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरच करा. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट्स जास्त पैसे घेतात. पासपोर्टच्या माहितीच्या पानाची स्कॅन प्रत, फोटो, ईमेल आणि कार्ड एवढंच लागतं. एकदा प्रवेशाच्या व्हिसाची फी 20 डॉलर, दोनदाच्या 35, अनेकदाच्या 50. मुक्काम 30 दिवसांपर्यंत करता येतो. अर्जाला तीन कामकाजाचे दिवस धरतात, तुम्ही दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. पासपोर्ट नंबरातला एक आकडा चुकला तरी नवा अर्ज आणि नवी फी, कारण भरलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून अर्ज भरणारा एक आणि पासपोर्ट समोर ठेवून तपासणारा दुसरा असावा.

फॉर्म उघडण्याआधी ग्रुपनं ठरवायचं ते एवढंच: सीमा किती वेळा ओलांडणार? समरकंदहून ताजिकिस्तानातलं पंजिकेंत जवळ आहे. रेशीम मार्गावर व्यापार करणाऱ्या सोग्दियन लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष तिथे आहेत आणि इतिहासाची आवड असलेल्या ग्रुपनं ते चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी ताजिकिस्तानचा वेगळा ई-व्हिसा लागतो आणि परत समरकंदला यायचं म्हणजे उझबेकिस्तानचा दोनदा प्रवेशाचा व्हिसा हवा. कझाकस्तानात भारतीयांना 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तरी तिकडून उझबेकिस्तानात परतताना प्रवेश पुन्हा मोजला जातो. पंधरा डॉलर वाचवायला एकदाचा व्हिसा काढलेला माणूस सीमेवर अडकला, तर बाकीच्यांनी काय करायचं?

ताश्कंदला फक्त विमानतळ समजू नका. 10 जानेवारी 1966 चा भारत-पाकिस्तानमधला ताश्कंद करार इथलाच, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री इथेच वारले. त्यांचा पुतळा शहरात आहे. तिथे एक मुक्काम ठेवाच.

पैसे आणि तिथले नियम

परदेशी सहलीचं पॅकेज घेताना पॅन लागतो आणि टीसीएस, म्हणजे पॅकेजच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा कर, भरावा लागतो. तो आयकर विवरणात वळता करता येतो, म्हणून ज्याचे पैसे त्याच्याच खात्यातून आणि त्याच्याच पॅनवर भरा. सगळ्यांची रक्कम एकानं भरली तर तो कर एकाच्याच नावावर दिसतो.

ताश्कंद ते समरकंद अफ्रासियाब या वेगवान गाडीची तिकिटं लवकर संपतात आणि ती पासपोर्टवरच्या नावानंच काढायची असतात.

औषधांकडे मात्र नीट लक्ष द्या. ट्रामाडोल, कोडीनसारखी वेदनाशामकं आणि झोपेच्या काही गोळ्या यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. ग्रुपमधल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना औषधांची यादी दाखवावी, मूळ पाकिटं आणि इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवावी. ड्रोन घरीच ठेवा, तिकडे न्यायला बंदी आहे.

परदेशी पाहुण्याची नोंदणी हॉटेल करतं. कुणी ओळखीच्यांच्या घरी राहणार असेल तर ती यजमानानं तीन दिवसांत करायची असते. प्रत्येक मुक्कामाची नोंदणीची चिठ्ठी मागून घ्या आणि परतीचं विमान सुटेपर्यंत पासपोर्टमध्येच ठेवा.