मेथोट्रेक्झेट: ‘फक्त सोमवारी’ कुठून आले?

आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) चिठ्ठीवर मेथोट्रेक्झेट या औषधापुढे ‘फक्त सोमवारी’ असे ठळक लिहिलेले असते. वार कोणताही चालतो, पण आठवड्यातून एकदाच.

आमवातासाठी सोन्याची (सोन्याच्या क्षारांची) इंजेक्शने १९२०च्या दशकाच्या अखेरीस आली. १९४८मध्ये कॉर्टिझोन या स्टेरॉइडने अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसले, १९५०मध्ये नोबेलही मिळाले. त्या झगमगाटात १९५१ची एक नोंद झाकोळली: अमिनोप्टेरिन या फोलेटविरोधी (फोलेट या ब-जीवनसत्त्वाचे काम अडवणाऱ्या) औषधाने सांध्यांची सूज उतरली होती. मेथोट्रेक्झेट त्याचेच भावंड. कॉर्टिझोन हाडे ठिसूळ करते, साखर वाढवते, हे कळूनही या भावंडाकडे सांध्यांसाठी वळायला बराच काळ गेला. अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली ती १९८८मध्ये.

आठवड्याचा हिशेब त्वचारोगतज्ज्ञांकडून आला. सोरायसिसमध्ये थोडे थोडे रोज दिले की यकृत आणि अस्थिमज्जेला जास्त त्रास व्हायचा. रक्तातून औषध एका दिवसात उतरते, पण पेशींत ते साखळी जोडून अडकते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. त्यामुळे रोज घेतल्यास साठा चढत जातो. ७.५ ते २५ मिलिग्रॅम ही आठवड्याची मात्रा आहे. हाडाच्या कॅन्सरमध्ये हेच औषध ग्रॅममध्ये देतात. ‘कॅन्सरचे औषध’ ऐकून गोळी बंद करणाऱ्यांना हा फरक आधीच सांगायला हवा. शिवाय एवढ्या कमी मात्रेत सूज उतरते ती मुख्यतः पेशी मारून नाही, तर ॲडिनोसिन हे शरीरातलेच सूज शमवणारे द्रव्य वाढल्यामुळे, असे मानले जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले तरी गुण जात नाही, तोंड येणे आणि मळमळ मात्र कमी होते.

घोळ होतो तो चिठ्ठीच्या नकलेत. ‘रोज १’ असे उतरले की दहा-बारा दिवसांत तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. वयस्कर, किडनी अधू असलेला रुग्ण यात दगावू शकतो. अशा वेळी गोळी तत्काळ थांबवून दवाखान्यात फोलिनिक ॲसिड द्यावे लागते. साधे फॉलिक पुरत नाही. लघवीच्या संसर्गासाठी कुणी कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक दिले तरी हाच धोका. सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिन (किडनी) तपासतात ते यासाठीच. गरोदरपणात हे औषध चालतच नाही.

गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर थोडे स्टेरॉइड देऊन वेळ निभावतात. १५ मिलिग्रॅमपुढे गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही, तिथे कातडीखालचे इंजेक्शन बरे पडते.

१९९०च्या दशकात ‘आधी वेदनाशामक, मग बघू’ हा जुना क्रम उलटला. सांधा झिजला की औषधाने भरून येत नाही, हे त्यामागचे कारण. मग टीएनएफ हे सूज वाढवणारे प्रथिन रोखणारी इंजेक्शने आली, आणि त्यांच्यासोबत दबलेला क्षय उफाळण्याची भीतीही. आपल्याकडे सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी चुकवून चालत नाही. त्यांपैकीच एक असलेल्या इन्फ्लिक्सिमॅबविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवते, आणि ती कमी राहावीत म्हणून सोबत सोमवारची जुनी गोळी चालूच ठेवतात.