एमबीबीएसला सप्ली, स्टेपला फेल: अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचा अर्ज कसा भरावा

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी राहिली आणि सप्ली म्हणजे पुरवणी परीक्षा द्यावी लागली, किंवा थर्ड पार्ट टूला म्हणजे शेवटच्या वर्षी मेडिसिननं अडवलं आणि ऑड बॅचमध्ये, म्हणजे सहा महिने मागच्या बॅचमध्ये, जावं लागलं. अशी बरीच मुलं अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचा, म्हणजे तिथल्या रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचा, विचार मनातच सोडून देतात. काही जण त्याहून वाईट करतात, झालेली सप्ली अर्जात कुठेच दिसू नये म्हणून खटपट करतात. खरं तर दोन्हींची गरज नाही. अर्जाची रचनाच अशी आहे की तुमचं जुनं अपयश तीन-चार कागदांवर वेगवेगळ्या रूपात दिसतंच. तेव्हा ते सगळीकडे सारखंच दिसेल आणि थोडक्यात दिसेल, एवढं आपल्या हातात असतं. आणि त्यानंतरचे निकाल त्याच्या शेजारी ठसठशीत दिसतील, एवढं बघायचं.

आधी पात्रता. भारतातून एमबीबीएस झालेल्याला अमेरिकेत रेसिडेन्सी सुरू करण्यापूर्वी ईसीएफएमजी या, परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तुमचं कॉलेज जागतिक वैद्यकीय महाविद्यालयांच्या डिरेक्टरीत ईसीएफएमजीच्या नोंदीसह असायला हवं. यूएसएमएलई म्हणजे अमेरिकेतली वैद्यकीय परवान्याची परीक्षा; तिच्या स्टेप वन आणि स्टेप टू सीके या पायऱ्या पास हव्यात, ईसीएफएमजीचा पाथवेज (वैद्यकीय कौशल्यं सिद्ध करण्याचा मार्ग) पूर्ण हवा, त्यात ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आली. शिवाय पदवी आणि ट्रान्स्क्रिप्ट (गुणांची अधिकृत नोंद) यांची पडताळणी ईसीएफएमजी थेट संस्थेकडून करून घेते. या यादीत एमबीबीएसच्या टक्केवारीची अट नाही. कितव्या प्रयत्नात पास झालात याचीही नाही. आपल्याकडे एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या नियमांत पहिल्या वर्षासाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न आणि अख्ख्या एमबीबीएससाठी नऊ वर्षं अशी मर्यादा आहे. त्या मर्यादेत पदवी मिळाली की सप्लीमुळे तिकडचं दार बंद होत नाही.

दोन अपयशं, दोन वेगळी वजनं

एमबीबीएसमधली सप्ली आणि यूएसएमएलईमधला फेल यांत मोठा फरक आहे. आपली मुलं दोन्हींना एकाच मापात घाबरतात, म्हणून इथे जरा थांबतो.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे अठ्ठावन्न टक्के म्हणजे बरे की वाईट, हे ओहायोतल्या रेसिडेन्सी प्रोग्रॅमच्या डायरेक्टरला सहसा माहीत नसतं. त्याला तारखा मात्र वाचता येतात. बॅचचा पहिला प्रोफ (पहिल्या वर्षाची विद्यापीठ परीक्षा) उन्हाळी सत्रात सुटला आणि तुमच्या गुणपत्रिकेवर हिवाळी सत्र छापलेलं असेल, तर तेवढ्यावरून गोष्ट कळते. पण ती कळून तो पुढे जातो. पुढच्या परीक्षा आणि स्टेप टूचा स्कोअर चांगला असेल, तर अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी राहिलेल्या ॲनाटॉमीसाठी फारसं कुणी अडून बसत नाही.

स्टेपमधला फेल जास्त जड. यूएसएमएलईच्या ट्रान्स्क्रिप्टवर प्रत्येक प्रयत्न दिसतो, फेल झालेलाही. इरासमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या अर्जाच्या ऑनलाइन व्यवस्थेत, प्रोग्रॅमना नापास प्रयत्न असलेले अर्ज गाळणीनं बाजूला काढता येतात, म्हणजे तुमचं निवेदन कुणी वाचण्याआधीच अर्ज मागे पडू शकतो. त्यात २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला आकडा नाही, फक्त पास किंवा फेल. त्यामुळे तिथल्या फेलची भरपाई त्याच परीक्षेत करता येत नाही, ती स्टेप टू सीकेच्या तीन आकडी स्कोअरवरच करावी लागते.

नियमही पाठ हवेत. एका स्टेपला आयुष्यात चारच प्रयत्न मिळतात. बारा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही. चौथा प्रयत्न पहिल्यापासून किमान बारा महिन्यांनी आणि शेवटच्यापासून किमान सहा महिन्यांनी. परीक्षा सुरू करून अर्धवट उठलात तरी तो प्रयत्न मोजला जातो. पास झाल्यावर स्कोअर वाढवायला म्हणून तीच स्टेप पुन्हा देता येत नाही. याउलट, परीक्षेला बसलातच नाहीत किंवा तारीख पुढे ढकललीत, तर तो प्रयत्न धरला जात नाही. म्हणून कळकळीनं सांगतो, एनबीएमईच्या सराव परीक्षांत पास होण्याची खात्री दिसत नसेल तर फी बुडाली तरी चालेल, पण हॉलमध्ये पाऊल टाकू नका. घरच्यांना समजावणं अवघड जातं, पैसे लहान नसतात. तरीही ट्रान्स्क्रिप्टवरचा फेल त्याहून महाग पडतो.

कागद, आणि ते एकमेकांशी जुळणं

इरासच्या अर्जाला लागतात: ट्रान्स्क्रिप्ट, एमएसपीई म्हणजे डीनचं पत्र, शिफारसपत्रं (एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार), वैयक्तिक निवेदन, फोटो, यूएसएमएलईची ट्रान्स्क्रिप्ट आणि ईसीएफएमजीचा स्टेटस रिपोर्ट.

गोंधळ होतो तो एमएसपीईवर. आपल्याकडे अनेक कॉलेजांत मसुदा विद्यार्थ्यालाच लिहून आणायला सांगतात आणि डीन ऑफिसात त्यावर सही-शिक्का होतो. मसुदा हातात आला की सप्ली गाळण्याचा मोह होतो. तो टाळा. ट्रान्स्क्रिप्टवर हिवाळी सत्र आणि डीनच्या पत्रात ‘सर्व परीक्षा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण’ अशी विसंगती निघाली, तर सप्ली बाजूलाच राहते आणि प्रश्न खरेपणाचा होतो. ईसीएफएमजी खोट्या माहितीची अनियमित वर्तन म्हणून नोंद करू शकते, आणि ती नोंद पुढे परवान्यापर्यंत पाठलाग करते. कॉलेजकडून अटेम्प्ट सर्टिफिकेट काढा, ते समोर ठेवूनच मसुदा लिहा.

नावाचंही बघा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, लग्नानंतर आडनाव वेगळं. ईसीएफएमजीच्या नोंदीतलं नाव आणि पदवीवरचं नाव जुळत नसेल तर पुरावा मागतात आणि त्यात आठवडे जातात. सप्लीमुळे आधीच सहा महिने मागे असलेल्याला हे परवडत नाही.

अर्जात सप्ली कुठे लिहायची

मायइरासमध्ये, म्हणजे इरासच्या अर्जात, एक थेट प्रश्न असतो, वैद्यकीय शिक्षण लांबलं किंवा खंडित झालं का? पदवीची तारीख पुढे गेली असेल तर उत्तर ‘हो’, आणि खाली कारण. सप्ली देऊन मूळ बॅचमध्येच परत आलात आणि कोर्स वेळेत संपला, तर शिक्षण लांबलेलं नाही, तसं लिहायला हरकत नाही. ‘हो’ असेल तर चार वाक्यं पुरतात. काय झालं, का झालं, काय बदललं, त्यानंतर काय झालं. इंग्रजीत लिहाल, पण आशय असा काहीसा: ‘पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्रात नापास झाले. मराठी माध्यमातून आल्यामुळे इंग्रजी पुस्तकं वाचण्याचा वेग कमी पडला. पुरवणी परीक्षेआधी रोज शवविच्छेदन कक्षात सहाध्यायींसोबत तोंडी उजळणी केली. त्यानंतरच्या सर्व विद्यापीठ परीक्षा आणि दोन्ही स्टेप पहिल्या प्रयत्नात पास झाले.’ यात परीक्षकाला दोष नाही, रडगाणं नाही, आणि शेवटचं वाक्य कागदावर तपासता येतं. कारण आजारपणाचं किंवा घरातल्या मृत्यूचं असेल तर एका वाक्यात सांगा, तपशील खुला करण्याची सक्ती नाही.

वैयक्तिक निवेदनात हे पुन्हा उगाळू नका. ते पान तुम्ही हे क्षेत्र का निवडलं त्यासाठी आहे. स्टेपचा फेल असेल तर तिथे एक परिच्छेद द्यावा असं माझं मत, कारण मुलाखतीत तो विषय निघणारच. शिफारसपत्रासाठी असे डॉक्टर निवडा ज्यांनी तुम्हाला अलीकडे, अपयशानंतर, वॉर्डात काम करताना पाहिलं आहे. त्यातलं निदान एखादं अमेरिकेतल्या प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेलं असावं. इलेक्टिव्ह (रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम) विद्यार्थिदशेतच मिळणं सोपं असतं, पदवीनंतर बहुतेकदा ऑब्झर्वरशिपच (फक्त निरीक्षण) हाती लागते. पत्र स्वतः वाचण्याचा हक्क सोडून द्या, तशा पत्राला वजन जास्त.

प्रोग्रॅम निवडणं आणि मॅच

त्वचारोग, ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी या जागा परदेशी पदवीधराला अपयश नसतानाही फार कठीण असतात. स्टेपमध्ये फेल असेल तर इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्स, पॅथॉलॉजी इकडे गंभीरपणे पाहा. इंटर्नल मेडिसिननंतर कार्डिओलॉजीची फेलोशिप करता येते. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पात्रतेच्या पानावर पदवीचं वर्ष, नापास प्रयत्न आणि व्हिसा याबद्दल अटी लिहिलेल्या असतात. ‘पहिल्याच प्रयत्नात पास हवं’ असं स्पष्ट असेल तिथे डॉलर घालवू नका. सिग्नल, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅममध्ये विशेष रस आहे असं अर्जातून कळवण्याच्या खुणा, मोजके मिळतात, ते अशाच ठिकाणी द्या जिथे तुम्ही अटीत बसता आणि तुमच्यासारखे पदवीधर रेसिडेन्ट म्हणून आधीच काम करत आहेत.

अर्ज सप्टेंबरमध्ये भरले जातात आणि त्याच महिन्याच्या अखेरीस प्रोग्रॅमना दिसू लागतात. मुलाखती साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. मॅचसाठी, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवण्यासाठी, एनआरएमपी या संस्थेकडे वेगळी नोंदणी लागते, इरास भरलं म्हणजे ती होत नाही. पसंतीची यादी खऱ्या आवडीच्या क्रमानं लावा. मॅचची गणितपद्धत उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते, त्यामुळे ‘आपल्याला फेल आहे, वरचा घेणार नाही’ असं समजून आवडता प्रोग्रॅम खाली ढकलण्यात फायदा काहीच नाही. यादी नक्की करण्याच्या मुदतीपर्यंत आवश्यक परीक्षा पास झालेल्या असायला हव्यात. मार्चमधल्या मॅच आठवड्यात सोमवारी मॅच झालं की नाही ते कळतं, शुक्रवारी कुठे ते. न झालेल्यांसाठी त्याच आठवड्यात उरलेल्या जागांची सोप फेरी असते, तिची कागदपत्रं आधीच तयार ठेवा.

व्हिसासाठी बहुतेक जण जे-वन घेतात. त्याला भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं गरजेचं पत्र लागतं आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. एच-वन-बी हवा असेल तर स्टेप थ्री, म्हणजे यूएसएमएलईची शेवटची पायरी, आधी पास हवी. आधीच्या स्टेपमध्ये फेल असलेल्यानं व्हिसा कोणताही असो, ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र वेळेत मिळालं आणि तयारी पक्की असेल, तर मॅचपूर्वीच स्टेप थ्री द्यावी असा माझा आग्रह असतो. मात्र तीही पहिल्याच प्रयत्नात पास होण्याची खात्री असेल तेव्हाच.