लॅरिंजियल व्यंजने ही निव्वळ कागदावरची कल्पना नव्हे

आद्य इंडो-युरोपीय भाषेतील, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन आदींच्या अनुमानित पूर्वज भाषेतील, लॅरिंजियल व्यंजने (पुढे बहुतेक भाषांत लुप्त झालेली ‘ह’सारखी व्यंजने) म्हणजे समीकरण जुळवण्यासाठी अभ्यासकांनी घुसडलेली चिन्हे होत, हा समज दीर्घकाळ फिरत असला तरी तो चुकीचा आहे. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १८७८ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, केवळ शब्दांच्या मूळ धातूंमधील स्वरबदलांच्या आधारे अशा लुप्त घटकांचे अनुमान केले, तेव्हा त्यांना थेट पुरावा नव्हता, हे खरे. परंतु १९१५ मध्ये हित्ती या अनातोलियातील प्राचीन इंडो-युरोपीय भाषेचा उलगडा झाला आणि १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी दाखवून दिले की अनुमानित घटकांच्या अनेक जागी हित्तीत खरोखर ‘ह’सारखे व्यंजन लिहिलेले आहे. उदाहरणार्थ, संस्कृत ‘अन्ति’ (समोर, जवळ), लॅटिन ‘अन्ते’ (पुढे, आधी). हित्तीत मात्र ‘हन्त’, म्हणजे कपाळ किंवा पुढचा भाग.

याच्या खुणा संस्कृतातही सापडतात, आणि मला त्या अधिक मोलाच्या वाटतात. ‘स्था’मधील दीर्घ ‘आ’ हा ‘ए’ आणि लॅरिंजियल यांच्या संयोगातून आला. ‘स्थित’मध्ये मूळ स्वर गळाल्यावर तेच व्यंजन ‘इ’ झाले, तर ग्रीक ‘स्ततोस’ आणि लॅटिन ‘स्ततुस’ यांत त्याचा ऱ्हस्व ‘अ’ झाला. मतभेद आहेत ते या व्यंजनांच्या नेमक्या उच्चाराविषयी. त्यामुळे ‘लॅरिंजियल’ (स्वरयंत्रातील) या नावावरून उच्चारस्थान ठरवू नये.