सुएझची दक्षिणेकडची एकेरी वाट : पार्श्वभूमी

मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले. पुढचे सहा दिवस चर्चा वाऱ्याची आणि वाळूची झाली, आणि काठावर माती उकरत बसलेल्या त्या एकट्या खोदयंत्राची. जहाज सुटल्यावर चर्चा नुकसानभरपाईकडे वळली. एक साधा प्रश्न मात्र या गडबडीत मागे पडला. कालवा दुहेरी झाल्याचा सोहळा 2015 सालीच झाला होता. मग एक जहाज अडकल्याबरोबर सगळी वाहतूक का थांबावी? याचे उत्तर वाऱ्यात शोधून मिळणार नाही. कालव्याचा कोणता भाग दुहेरी करायचा हे ज्या वेळी ठरले, तिथपर्यंत मागे जावे लागते.

जहाजे रुतणे ही सुएझला नवी गोष्ट नाही. नोव्हेंबर 1869 मध्ये कालवा खुला झाला तेव्हा त्याची खोली होती जेमतेम 8 मीटर आणि तळाची रुंदी 22 मीटर. समोरासमोर आलेल्या जहाजांना एकमेकांना वाट देता यावी म्हणून दर 8 ते 10 किलोमीटरवर रुंद जागा ठेवल्या होत्या, एवढीच काय ती सोय. परिणामी 1870 ते 1884 या काळात जहाजे तळाला किंवा काठाला लागण्याचे सुमारे 3,000 प्रसंग घडले. पण ती जहाजे लहान होती. ओढून काढली की वाट मोकळी व्हायची. रुंदी आणि खोली वाढवण्याचे काम 1876 च्या सुमारास सुरू झाले ते आजतागायत थांबलेले नाही. जहाज वाढले की कालवा वाढवायचा, हाच क्रम.

हा क्रम एकदाच खऱ्या अर्थाने तुटला. जून 1967 च्या युद्धात कालवा बंद पडला तो थेट जून 1975 पर्यंत. त्याआधी 1956 सालीही बुडवलेल्या जहाजांनी तो काही महिने अडला होता, पण आठ वर्षांची बंदी हे प्रकरण वेगळे होते. आफ्रिकेला वळसा घालायचाच आहे, तर कालव्याच्या मापात जहाज बसवायचे कशाला, असा हिशेब तेल कंपन्यांनी केला आणि दोन लाख टनांहून मोठी तेलवाहू जहाजे बांधली जाऊ लागली. कालवा पुन्हा उघडला तेव्हा ही जहाजे त्यात मावत नव्हती. 1980 पर्यंत मोठे रुंदीकरण करून दीड लाख टनांच्या जहाजांची सोय झाली खरी, पण तोवर जहाज पुढे आणि कालवा मागे असे ठरून गेले होते. त्यानंतरच्या प्रत्येक निर्णयावर या पाठलागाची छाया आहे.

कंटेनर जहाजांनी हा पाठलाग आणखी अवघड केला. कंटेनर लादलेली पहिली फेरी 1956 ची, त्यात 58 पेट्या होत्या. 2006 साली जवळपास 400 मीटर लांबीचे जहाज पाण्यात उतरले आणि 2017 मध्ये 20,000 पेट्यांचा टप्पा ओलांडला गेला. नंतरची वाढ लांबीत फारशी झालीच नाही. ती रुंदीत झाली आणि पेट्यांच्या थरांत झाली. तेलवाहू जहाज भरले की पाण्यात खोल बसते, वाऱ्याला त्याचे अंग फारसे सापडत नाही. कंटेनर जहाजावर मात्र डेकच्या वर पेट्यांची उंच सलग भिंत उभी असते आणि आडवा वारा तिला शिडासारखा ढकलतो. कालव्याचे नियोजन खोलीच्या भाषेत चालू राहिले. वाऱ्याने जहाज बाजूला सरकण्याचा धोका त्या भाषेत नीट बसत नाही.

आता 2015 चा निर्णय. हा समजून घेतल्याशिवाय 2021 समजत नाही, म्हणून त्याला जरा जास्त जागा देतो.

त्याआधी सुएझमध्ये जहाजे ताफ्याने जात. उत्तरेकडे जाणारा ताफा न थांबता जाई. दक्षिणेकडे येणाऱ्यांना मात्र वाटेत थांबावे लागे, काहींना बल्लाह इथल्या छोट्या पर्यायी वाटेत, काहींना ग्रेट बिटर लेक या तळ्यात नांगर टाकून. या थांब्यात तासन् तास जात. ऑगस्ट 2014 मध्ये जाहीर झालेली योजना याच थांब्यावर रोखलेली होती. कालव्याच्या (उत्तर टोकापासून मोजलेल्या) 60 ते 95 किलोमीटर या टप्प्याला समांतर 35 किलोमीटरची नवी वाट खोदायची आणि आणखी 37 किलोमीटर रुंद व खोल करायचे. सुरुवातीला तीन वर्षांचा अंदाज होता, तो वरून आलेल्या आदेशाने एका वर्षावर आणला गेला. पैसा देशातल्याच लोकांकडून उभा राहिला. 12 टक्के व्याजाच्या प्रमाणपत्रांतून दोन आठवड्यांच्या आत सुमारे 64 अब्ज इजिप्शियन पौंड जमले. 6 ऑगस्ट 2015 रोजी उद्घाटन झाले. दिवसाला सरासरी 49 जहाजांच्या जागी 2023 पर्यंत 97 जहाजे जातील आणि वार्षिक उत्पन्न 13.2 अब्ज डॉलरवर पोचेल, असे सांगण्यात आले.

वेळापत्रकाच्या दृष्टीने जागेची निवड चुकीची नव्हती, हे मान्य करायलाच हवे. दक्षिणेकडचा प्रवास 18 तासांवरून 11 तासांवर आला. दक्षिण टोकाच्या सुएझ बंदराकडून निघालेला ताफा दक्षिणेचा एकेरी पट्टा सकाळी लवकर पार करतो, तोवर समोरचा ताफा उत्तरेतून तिथे पोचलेलाच नसतो, आणि दोघांची गाठ दुहेरी भागात पडते. घड्याळ पाळले तर दक्षिणेला दुसऱ्या वाटेची गरज भासत नाही. पण हे सारे गणित कोणीही अडकणार नाही या गृहीतावर उभे आहे. दुसरी वाट दोन कामे करते. एक म्हणजे थांबण्याचा वेळ वाचवते. दुसरे म्हणजे एक बाजू बंद पडली तर दुसरीने काम चालू ठेवते. 2015 मध्ये पहिल्या कामासाठी पैसे खर्च झाले आणि दुसरे काम झाले असे लोकांना वाटू दिले गेले. माझा मुख्य आक्षेप इथे आहे.

शिवाय वगळलेला भागच चालवायला जास्त अवघड. भूमध्य समुद्राच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक नगण्य असतो. लाल समुद्राच्या टोकाला, सुएझजवळ, तो उधाणाच्या दिवसांत दीड-दोन मीटरपर्यंत जातो आणि तळ्यांच्या दक्षिणेला पाण्याचा प्रवाह दिवसातून अनेकदा दिशा बदलतो. ज्या तुकड्यात प्रवाह जोराचा तोच तुकडा एकेरी आणि अरुंद राहिला. धोक्याची सूचना मिळाली नव्हती असेही म्हणता येत नाही. नोव्हेंबर 2004 मध्ये एक तेलवाहू जहाज रुतले आणि कालवा तीन दिवस बंद राहिला. जहाज हलके करण्यासाठी त्यातले हजारो टन तेल दुसरीकडे काढावे लागले. हा प्रसंग नियोजकांच्या डोळ्यांसमोर असायला हवा होता.

23 मार्च 2021 ला सकाळी जे घडले ते याच तुकड्यात, 151 व्या किलोमीटरपाशी. जहाजाची लांबी 400 मीटर, रुंदी 59 मीटर, वर 18,000 हून अधिक पेट्या. वाहतुकीस वापरता येणारी कालव्याची रुंदी तिथे साधारण 200 मीटर. म्हणजे जहाज तिरके झाले तर दोन्ही काठांना टेकणारच. वारा जोराचा होता. वाऱ्यात जहाज सरळ ठेवायचे तर सुकाणूला पाण्याचा जोर मिळावा लागतो, म्हणून वेग वाढवला जातो. आणि अरुंद पाण्यात तोच वेग उलटतो. जहाज आणि काठ यांमधून पाणी वेगाने निघते, तिथला दाब उतरतो, मागचा भाग काठाकडे ओढला जातो आणि पुढचे टोक विरुद्ध दिशेला फेकले जाते. वेगाबरोबर जहाज पाण्यात आणखी खाली बसते, त्यामुळे तळाखालचे अंतरही घटते. कालव्याची वेगमर्यादा ताशी सुमारे 16 किलोमीटर. अडकण्याच्या थोडे आधी हे जहाज सुमारे 25 च्या वेगाने जात होते. त्या वेळी कालव्याचे दोन वाटाडे जहाजावर होते. कालव्याच्या नियमांनुसार वाटाड्या सल्ला देतो, जबाबदारी कप्तानाची. पनामा कालव्यात हे उलटे आहे, तिथे जहाज चालवण्याचा ताबा वाटाड्याकडे जातो. सुएझचा नियम बदलावा का, यावर नंतर बरेच बोलले गेले, पण नियम आहे तसाच राहिला.

जहाजाचे पुढचे टोक पूर्वेच्या काठात खोल घुसले होते. ड्रेजरने सुमारे 30,000 घनमीटर वाळू-गाळ उपसला, डझनभर टगबोटी ओढत राहिल्या. शेवटी मदतीला आले पौर्णिमेचे उधाण. 29 मार्चला जहाज तरंगले. 400 हून अधिक जहाजे खोळंबली होती, त्यांचा निचरा व्हायला 3 एप्रिल उजाडला.

नुकसानभरपाईचा वाद त्यानंतर बरेच दिवस गाजला. मालकी जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, व्यवस्थापन जर्मन, झेंडा पनामाचा आणि 25 जणांचा भारतीय चमू. इतक्या हातांत विभागलेल्या जहाजाची जबाबदारी कोणाची हे ठरवायचे कसे? कालवा प्रशासनाने आधी 91.6 कोटी डॉलर मागितले, त्यात प्रतिष्ठेच्या हानीपोटी 30 कोटी होते. मागणी पुढे 55 कोटींवर आली. जहाज तोवर ग्रेट बिटर लेकमध्ये अडकवून ठेवलेले होते. जवळपास शंभर दिवसांनी, 7 जुलैला, रक्कम जाहीर न करता तडजोड होऊन ते सुटले. पेट्यांमधल्या मालाच्या मालकांनाही हमीपत्रे द्यावी लागली, कारण सुटकेच्या खर्चाचा वाटा सागरी कायद्याच्या जुन्या रिवाजानुसार मालावरही पडतो. आपल्याच जलमार्गात, आपलेच वाटाडे जहाजावर असताना घडलेल्या अपघातातल्या सुटकेसाठी प्रशासनाने एवढे मोठे बक्षीस मागावे का, हा मुद्दा तडजोडीमुळे न्यायालयात कधी निकालात निघालाच नाही.

दक्षिणेकडे लक्ष गेले ते यानंतर. मे 2021 मध्ये नवी योजना आली. 132 ते 162 किलोमीटर हा पट्टा पूर्वेकडे 40 मीटर रुंद करायचा, खोली 66 फुटांवरून 72 फुटांवर न्यायची, आणि 122 ते 132 या 10 किलोमीटरांत दुसरी वाट काढायची. एका अपघाताने सहा वर्षांपूर्वीचा क्रम बदलायला लावला असाच याचा अर्थ होतो, जरी अधिकृत निवेदनांत तसे कुठे म्हटलेले नाही. ऑगस्ट 2022 मध्ये आणखी एक तेलवाहू जहाज रुतले, ते मात्र काही तासांतच सुटले.

2015 ची आश्वासने आता तपासता येतात. 2023 मध्ये कालव्याचे उत्पन्न विक्रमी 10.25 अब्ज डॉलर होते. टीकाकारांना वाटले होते त्यापेक्षा बरेच चांगले, सांगितलेल्या 13.2 अब्जांपेक्षा कमी, आणि यात वाढवलेल्या टोलचा वाटा मोठा. दिवसाला 97 जहाजांचा आकडा सरासरीत कधी गाठला गेला नाही. नोव्हेंबर 2023 पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, कंपन्यांनी पुन्हा आफ्रिकेचा वळसा धरला आणि 2024 मध्ये उत्पन्न सुमारे 4 अब्जांवर घसरले. जहाजे निम्मी झाली.

दक्षिणेचे काम या मंदीतही चालू राहिले. डिसेंबर 2024 मध्ये 10 किलोमीटरच्या नव्या वाटेची चाचणी झाली आणि दुहेरी भागाची लांबी 72 वरून 82 किलोमीटर झाली. संपूर्ण कालवा दुहेरी करता येईल का याचा अभ्यास चालू असल्याचेही सांगण्यात आले आहे. तूर्त 132 व्या किलोमीटरपासून सुएझपर्यंतच्या 30 किलोमीटरांत रुंदी वाढली आहे, खोली वाढली आहे, दुसरी वाट मात्र नाही.