निवडणूक रोखे

निवडणूक रोखे : राजकीय पक्षांना बँकेमार्फत देणगी देण्याची, भारतात २०१८ ते २०२४ या काळात चाललेली योजना. बोलताना सर्रास ‘इलेक्टोरल बाँड’ असेच म्हणतात.

उद्योगपतींनी पक्षांना पैसा पुरवणे नवे नाही. पक्षनिधीला देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टीलने आपल्या मूळ दस्तऐवजात दुरुस्ती करण्याची परवानगी मागितली, तेव्हा १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दिली. मात्र अशा पैशाने लोकशाहीला धोका पोहोचू शकतो, हे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याच निकालात बजावले. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येई. रोखे आले तेव्हा ही मर्यादाही गेली, म्हणजे तोट्यातली कंपनीही कितीही देणगी देऊ शकत होती.

अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २०१७ च्या अर्थसंकल्पात योजना मांडली. रोखे फक्त स्टेट बँकेत मिळत, एक हजारापासून एक कोटीपर्यंत पाच दर्शनी मूल्यांचे. देणगीदाराने ते विकत घेऊन पक्षाला द्यायचे, पक्षाने ते पंधरा दिवसांत वटवायचे. न वटल्यास रक्कम पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत जमा. रोख्यावर खरेदीदाराचे नाव नसे. पण अतिनील प्रकाशाखाली धरला की कोपऱ्यात अक्षरे व अंक असलेला क्रमांक उमटे. २०१८ मध्ये एका पत्रकाराने रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासले तेव्हा हे उघड झाले. शिवाय खरेदीदाराची केवायसी बँकेकडे होतीच. म्हणजे गुप्तता होती ती मतदारापुरती. सरकारी बँकेच्या दप्तरात सगळे नोंदलेले होते.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने योजना रद्द केली. पैसा देणाऱ्याला धोरणकर्त्यांच्या दारात प्रवेश मिळतो, त्यामुळे देणगी कोणाची हे कळणे हा मतदाराचा हक्क आहे, असा निकालाचा गाभा. तपशील द्यायला स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने एका दिवसात द्यायला लावला. आधी आल्या त्या दोन सुट्या याद्या : एकीत विकत घेणारे, दुसरीत वटवणारे. दुवा जोडणारे क्रमांक दुसऱ्या आदेशानंतर मिळाले. एप्रिल २०१९ नंतरच्या या नोंदींत सर्वात मोठी खरेदीदार लॉटरी व्यवसायातली फ्यूचर गेमिंग निघाली, १,३६८ कोटींची. त्याखालोखाल मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. वटवणाऱ्यांत भाजप सहा हजार कोटींच्या वर, मग तृणमूल आणि काँग्रेस. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे स्वीकारलेच नाहीत. न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांत तोही होता.

रोखे गेले, निवडणूक न्यास, म्हणजे कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना देणाऱ्या संस्था, मात्र आहेत. त्यांत कंपन्यांची नावे जाहीर होतात; पण अनेकांचा पैसा एकाच खात्यात पडून पुढे पक्षांना वाटला जात असल्याने कोणाचा रुपया कोणाकडे गेला, हे तिथेही नेमके जुळवता येत नाही.