व्यवसायविक्रीतील गोपनीयता करार

व्यवसायविक्रीतील गोपनीयता करार : धंदा विकायला काढलेला मालक आतली माहिती दाखवण्यापूर्वी संभाव्य खरेदीदाराकडून जे लेखी बंधन घेतो, तो करार. व्यवहारात सगळे त्याला ‘एनडीए’च (नॉन-डिस्क्लोजर अ‍ॅग्रीमेंट) म्हणतात. खरेदीदार परदेशी असला की भंग झाल्यास कायदा कोणत्या देशाचा, दाद कुठे मागायची आणि मिळालेला निकाल त्याच्या देशात वठवायचा कसा, हे प्रश्न वाढतात. येथे भारतीय विक्रेत्याच्या बाजूने विचार केला आहे.

सौद्याची सुरुवात बहुधा ‘टीझर’ने होते. हे एक-दोन पानांचे टिपण असते आणि त्यात कंपनीचे नाव नसते. रस दाखवणाऱ्याने करारावर सही केली की मग नाव कळते, ताळेबंद मिळतो आणि पुढे ‘डेटा रूम’, म्हणजे कंपनीची कागदपत्रे तपासायला ठेवलेली बंदिस्त, बहुधा ऑनलाइन जागा, उघडते. सौदा चालू आहे ही बातमीसुद्धा गोपनीय ठरवावी लागते, कारण कामगार, बँक आणि उधारीवर माल देणारे यांना कुणकुण लागली तर सौदा फिसकटला तरी नुकसान व्हायचे ते होतेच.

भोसरी किंवा चाकणमधल्या सुट्या भागांच्या कारखान्यात खरे गुपित काय असते? प्रत्येक भागाचा उत्पादनखर्च, गिऱ्हाईकनिहाय दर, डाय आणि मोल्डची ड्रॉइंग. खरेदीदार पुष्कळदा त्याच धंद्यातला असतो, म्हणजे उद्याचा मालक किंवा उद्याचा स्पर्धक. म्हणून सुरुवातीला गिऱ्हाईकांची नावे ‘ग्राहक अ’, ‘ग्राहक ब’ अशी झाकतात. दरांचे तपशील खरेदीदाराच्या विक्री विभागाला न देता फक्त वकील-लेखापालांच्या ‘क्लीन टीम’ला दाखवतात. स्पर्धकांनी एकमेकांना दर कळवणे स्पर्धा कायदा 2002 खाली अंगाशी येऊ शकते, हेही त्यामागचे एक कारण. एक गोष्ट विक्रेते हमखास विसरतात : ड्रॉइंग बरेचदा गिऱ्हाईकाच्या मालकीची असतात आणि त्यांच्याबद्दल विक्रेत्याने स्वतःच आधी गोपनीयता करार केलेला असतो. ती दाखवायची तर त्या गिऱ्हाईकाची परवानगी लागते. कागद कितीही भक्कम असला तरी कोर्ट येते ते बहुधा माहिती फुटल्यावर. काय, कोणाला आणि कधी दाखवायचे हा क्रम मात्र विक्रेत्याच्या हातात असतो.

मसुद्यात सर्वाधिक घासाघीस ‘प्रतिनिधी’ या शब्दावर होते. त्यात परदेशी समूहाच्या इतर कंपन्या, कर्ज देणारे आणि सहगुंतवणूकदार आले, तर माहिती नेमकी कोणाकोणाकडे गेली हे सांगणे अवघड होते. मुदत, माहिती परत करणे किंवा नष्ट करणे, माणसे न फोडणे ही कलमे नेहमीची. वापराच्या हेतूचे कलम मात्र नीट वाचावे. अमेरिकेतील मार्टिन मॅरिएटा आणि व्हल्कन या खडी-दगडाच्या धंद्यातील कंपन्यांनी 2010 मध्ये राजीखुशीच्या विलीनीकरणासाठी असे करार केले होते. बोलणी फिसकटल्यावर मार्टिन मॅरिएटाने व्हल्कनवर जबरीने ताबा मिळवण्याचा प्रयत्न सुरू केला. तशी स्पष्ट मनाई करारात नव्हती. तरीही मिळालेल्या माहितीचा करारबाह्य वापर आणि ती उघड करणे हा भंग ठरवून डेलावेअरच्या कोर्टाने मे 2012 मध्ये तो प्रयत्न चार महिने रोखला.

भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च 2024 च्या 289 व्या अहवालात तशी शिफारस केली आहे. भार सगळा करार कायदा 1872 आणि न्यायालयीन निर्णयांवर. त्या कायद्याच्या कलम 27 नुसार धंद्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरतो, पण नावलौकिकासह धंदा विकणाऱ्याला वाजवी मर्यादेत स्पर्धेपासून रोखता येते. परदेशी पक्षाने लादलेली गुप्तता खालपर्यंत कशी झिरपते, याचे जुने उदाहरण कल्याणचे. टायर कॉर्डचे, म्हणजे टायरला बळकटी देणाऱ्या धाग्याचे, तंत्र देताना डच आणि जर्मन कंपन्यांनी सेंच्युरी या कापड कंपनीला अट घातली होती की कर्मचाऱ्यांकडूनही तसेच बंधन लिहून घ्या. पाच वर्षांच्या करारावरचा एक शिफ्ट सुपरवायझर मध्येच प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, तेव्हा त्याच्याविरुद्धची मनाई सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये कायम ठेवली.

खरेदीदार अमेरिकन असेल तर भारतीय कोर्टाचा हुकूमनामा तिकडे थेट वठत नाही. ब्रिटन आणि सिंगापूर यांच्याशी परस्पर व्यवस्था आहे, अमेरिकेशी नाही. त्यामुळे सौद्यांत लवादाचे कलम घालतात आणि सिंगापूर हे ठिकाण पुष्कळदा निवडले जाते, कारण 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा बहुतेक देशांत चालतो. लवाद परदेशात असला तरी अंतरिम मनाईसाठी भारतीय कोर्टात जाता येते. 2015 च्या दुरुस्तीने ती सोय झाली, मात्र करारात ती वगळलेली नसावी.

गोपनीयता म्हणजे लपवाछपवी नव्हे. 2008 मध्ये रॅनबॅक्सी या औषध कंपनीतील हिस्सा जपानच्या दाईची सांक्योला विकताना प्रवर्तकांनी अमेरिकी औषध प्रशासनाच्या चौकशीचे गांभीर्य दडवल्याचे सिंगापूरच्या लवादाने 2016 मध्ये धरले. निवाडा सुमारे 2,562 कोटी रुपये आणि वर व्याज असा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याच्या अंमलबजावणीला परवानगी दिली.

महाराष्ट्रात मुद्रांकाचा एक किरकोळ वाटणारा घोळ नेहमी होतो. सह्या पीडीएफवर होऊन ईमेलने फिरतात आणि मुद्रांक कोणालाच आठवत नाही. पूर्वी शंभर रुपयांत भागणाऱ्या अशा कराराला ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपये लागतात. दस्त राज्यात झाला असेल तर मुद्रांक सहीपूर्वी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी लावावा लागतो. सगळ्या सह्या राज्याबाहेर झाल्या असतील, तर दस्त राज्यात आल्यापासून तीन महिने मिळतात. बिनमुद्रांकाचा करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात वाचला जात नाही. मनाई हुकूम आज दुपारीच हवा असतो, तेव्हा हे भारी पडते.