‘मिनी’ डुक्कर मिनी राहत नाही

इंदुरात रामबाग, लोकमान्यनगरच्या ग्रुपांवर एक फोटो वर्षानुवर्षं फिरतोय: चहाच्या कपात बसलेलं डुकराचं पिल्लू, खाली ओळ, ‘ही जात जन्मभर एवढीच राहते.’

अशी जातच नाही. कपातलं पिल्लू जेमतेम काही दिवसांचं असतं. यातल्या बहुतेकांचं मूळ व्हिएतनामच्या लोंबत्या पोटाच्या डुकरांत. ती १९८० च्या दशकात कॅनडामार्गे अमेरिकेत पोचली. पूर्ण वाढीला तीनेक वर्षं लागतात आणि वजन सहज ५० किलोंच्या पुढे जातं. विकणारा खात्री पटावी म्हणून पिल्लाचे आईबाप दाखवतो, खरी मेख तिथेच आहे. डुकरं चार-सहा महिन्यांत वयात येतात, म्हणजे दाखवलेले आईबाप स्वतःच अजून वाढत असतात!

मग तिकडे परदेशात, मोठं होऊन घरातले सोफे उलथवणारं हे जनावर एखाद्या छोट्या शेतवाडीवाल्याच्या गळ्यात मारलं जातं, ‘फुकटचं मांस’ म्हणून. फुकट कसलं? हे चरबीचं वाण. कातडीखाली पांढरा जाड थर, मांस त्या मानाने थोडं. शिवाय पाळीव म्हणून कोणती औषधं दिली, कधी दिली, याची नोंद नसेल तर ते मांस ताटात न आलेलंच बरं. आणि घरातलं खरकटं घालून पोसू म्हणाल, तर ब्रिटनमध्ये त्यालाही बंदी आहे, अगदी दारात एकच डुक्कर असलं तरी. २००१ च्या लाळ्या-खुरकूत साथीनंतर नियम कडक झाले. म्हणजे खाद्य विकतचंच.